कुठलंही एक फूल मोड

एक पिवळा वाटाणा. ठेवला तिथेच राहणारा.

डाव्या पायातला रबरी बूट, टाचेला ओला चिखल.

निळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली.

"मी मोडून पाहिलं होतं."

मांजराच्या पिल्लाच्या केसांसारखी मऊ, राखाडी बुरशी.

व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेले फडके.

मित्रांनो, मी एक जुनी वाळवणाची चौकट आहे. वर सांगितलेल्या वस्तूंपैकी काही माझ्या अंगावर टेकल्या, काही माझ्यामुळे घडल्या. मधले वाक्य एका माणसाने म्हटले. ते मला लागलेसुद्धा नाही, तरी त्या बुटापेक्षा तेच जास्त जड आहे.

पण आधी जन्म सांगायला हवा.

व्हरमाँटच्या डोंगरात, एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला ओडेट लारॉक यांचे औषधी फुलापानांचे लहानसे शेत आहे. तिथे कणीस नाही, बटाटा नाही. तिथे कॅमोमाइल, खाजकुइलीसारखी झोंबणारी नेटल, लिंबाच्या वासाचा पुदिना आणि कॅलेंड्युला पिकतो. कॅलेंड्युला म्हणजे झेंडूचा लांबचा भाऊ समजा. तोडणाऱ्याच्या बोटांना त्याचा डिंकासारखा चीक लागतो. ज्याची बोटे जास्त चिकट, त्याने फूल चांगले तोडले असे मानतात.

एका हिवाळ्यात मेपलचा रस आटवायची जुनी खोपी बर्फाच्या भाराने बसली. तिच्या फळ्यांतून ओडेटबाईंनी आम्हा बहिणींना घडवले. कोपरे त्यांनी जोडले, जाळी ताणताना शेजारचे गवळी आर्मांड पक्कड धरून उभे होते.

"अजून ओढ," ओडेटबाई म्हणत होत्या.

"अजून ओढली तर तुटेल, बाई."

"तुटली तर नवी आणीन. सैल राहिली तर काय करू?"

जाळी बसल्यावर त्यांनी खिशातून एक वाळलेला वाटाणा काढला आणि माझ्यावर ठेवला. तो जागचा हलला नाही. मग तो कोपऱ्यात ठेवला, मग कडेला. कुठेही ठेवला तरी तिथेच. "झाली," त्या म्हणाल्या. दर मे महिन्यात, बर्फ वितळून रस्त्याचा चिखल आटला की, आमची अशी परीक्षा होते. वाटाणा घरंगळला तर जाळी पुन्हा ताणायची.

आमची मांडणी स्वयंपाकघराच्या वरच्या खोलीत आहे. त्या खोलीच्या जमिनीत एक लोखंडी झडप बसवलेली आहे. तिच्या फटींतून खालच्या चुलीची ऊब वर येते आणि फुले वाळतात. उबेबरोबर जेवणाच्या टेबलावरचे बोलणेही वर येते. म्हणून मला एवढे माहीत आहे. एवढे माहीत नसते तर बरे झाले असते.

*

उन्हाळ्यात या शेतावर माणसे येतात. त्यांना पगार नसतो. गोठ्यावरच्या माळ्यात एक खाट, दुपारचे जेवण आणि शिकता येईल तेवढे शिकणे, यावर ती महिना-दोन महिने राबतात. कुणी नोकरीतून सुट्टी काढून येते, कुणी नोकरी सुटली म्हणून येते. सकाळी दव उतरले की फुले तोडायची, आमच्यावर शेजारी शेजारी मांडायची, वाळलेली उतरवायची, तण काढायचे, जेवायचे, पुन्हा तण काढायचे.

कॅलेंड्युला वाळवणे सोपे दिसते, पण ते फूल माणसाला फसवते. पाकळ्या लवकर कुरकुरीत होतात. त्यांच्या खालचा हिरवा गड्डा मात्र आतून ओलाच असतो. ती ओल बरणीत गेली तर सगळे नासते. म्हणून उतरवण्याआधी एक फूल घेऊन त्याचा गड्डा नखाने मोडायचा. कट्कन मोडला तर वाळला. वाकला तर अजून थांबा.

"कुठलं मोडू?" नवा माणूस विचारायचा.

"कुठलंही एक मोड," ओडेटबाई सांगायच्या. "माझ्या चौकटी खोटं बोलत नाहीत."

मित्रांनो, हे माझे कौतुक होते. जाळी सगळीकडे सारखी ताणलेली असली की फुले सारखी पसरतात आणि सारखी वाळतात. कडेच्या फुलाने जे उत्तर दिले, तेच मधले फूल देते. माझ्यावरून कितीतरी फुले उतरली, एकाही बरणीला वास आला नाही. पाहुणे आले की ओडेटबाई मला मांडणीतून ओढून दाखवायच्या. मी फुगून जात असे. लाकडाला फुगायला ओलच लागते असे नाही.

*

लॉर्ना टीग दर उन्हाळ्यात यायची. एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती भाजायची, तळायची, वाढायची. ती शाळा बंद झाली. तेव्हापासून ती बहिणीच्या घरी तळघरातल्या सोफ्यावर झोपत होती. मागच्या मे महिन्यात ती आली ती दोन पिशव्या घेऊन. आधी एकच असायची.

ओडेटबाईंची मनगटे दुखू लागली होती. ऑक्टोबरात सगळे स्वयंसेवक परत जातात, पण त्या वर्षी एकाला ठेवून घ्यायचे त्यांनी ठरवले होते. आमच्या शेजारची खोली, चुलीची ऊब, आणि वाळवणाच्या खोलीची किल्ली. "ज्याचे हात सांभाळून चालतात त्याला," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. लॉर्नाला ती खोली हवी होती. ती कुणाला म्हणाली नाही, पण फुले मांडताना उघड्या दारातून ती त्या पलंगाकडे पाहायची, ते मी पाहिले आहे.

कॅस्पर नाइहूसनेही ते पाहिले होते. तो मिनेसोटाचा, आयुष्यभर मालट्रक चालवून मोकळा झालेला साठीचा माणूस. लसूण लावून होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत राहणार होता. तोंड एक क्षण बंद नसायचे.

"लॉर्ना, पलंग मोजून घेतलास का? पाय बाहेर यायचे."

"तुझी जीभ आत ठेव आधी, मग माझे पाय बघ."

"मी आपला काळजीनं म्हणतो. इथल्या हिवाळ्यात उंदीरसुद्धा मोजे घालतात म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"उंदरानंच. आमचं बोलणं आहे."

खालून ओडेटबाई ओरडायच्या, "कॅस्पर, फुलं तोंडानं वाळवतोस काय?"

"हो, मेमेर! गरम हवा आहे ना!"

"मी तुझी आजी नाही. असते तर लहानपणीच कान उपटले असते."

*

इथून पुढचे मला पटकन सांगून टाकायचे आहे.

जुलैतली दुपार. लॉर्ना एकटी वर होती. आमच्यापैकी काहींना धुवायला काढून जमिनीवर पसरले होते. अचानक वादळ उठले. छपराजवळची उंच खिडकी उघडी होती आणि मांडणीच्या वरच्या चौकटींत कॅमोमाइल होता. ती खिडकीकडे धावली. तिचा डावा बूट माझ्या मधोमध पडला.

जाळी फाटली नाही. फाटली असती तर कुणालाही दिसले असते. ती ताणली गेली आणि तशीच राहिली.

खिडकी लावून लॉर्ना माझ्याजवळ बसली. तिने खालून तळवा लावून माझे पोट वर उचलले. हात काढला, ते पुन्हा खाली आले. तिने पुन्हा उचलले. मग तिने झडपेकडे पाहिले. खाली ओडेटबाई कुणाला तरी भाकर वाढत होत्या.

"कुणाला कळायचं नाही," ती मला म्हणाली.

तिने मला सर्वांत खालच्या कप्प्यात सरकवले, जिथे वाकून पाहावे लागते. मला त्या वेळी सुटल्यासारखे वाटले, याची आज सर्वांत जास्त लाज वाटते. पाहुण्यांपुढे झोळ पडलेले पोट घेऊन जावे लागणार नव्हते.

*

ऑगस्टमध्ये कॅलेंड्युला असा फुलला की वरच्या चौकटी पुरेनात. कॅस्पर खाली वाकला आणि मला ओढले. त्याने फुले नीट, शेजारी शेजारी मांडली. मांडताना तो एक गाणे गुणगुणत होता आणि एकही फूल दुसऱ्यावर नव्हते. पण मला आत-बाहेर सरकवताना, दर धक्क्याला फुले घरंगळून मध्ये जमू लागली. कडेला दोन-चार राहिली. मधे ढीग झाला, आणि ढिगाखालच्या फुलांना ऊब पोहोचेना. मला ती ओल कळत होती. थंड, चिकट, पोटाशी धरलेली.

उतरवायच्या दिवशी कॅस्परने मला वीतभर बाहेर ओढले आणि पहिले हाताला लागले ते फूल घेतले. ते कडेचे होते. कट्कन मोडले.

त्याने मला उचलून मोठ्या टोपात उलटे केले. त्या दिवशीच्या सगळ्या चौकटी त्यानेच उतरवल्या आणि सगळी फुले एकत्र केली. त्यांच्यावर तेल ओतून बरण्या दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला लागल्या. हिवाळ्यात याच तेलाचे मलम होते. धारा काढून हात फुटलेले गवळी ते न्यायला येतात.

माझ्या पोटातली ओल सगळ्या बरण्यांत वाटली गेली.

*

झडपेतून ऐकलेले.

काचेची बरणी टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"ही कुणी भरली?"

"मी," कॅस्पर म्हणाला. "का, फारच सुंदर भरली का?"

कुणीतरी हसले. मग बरणी फिरवली गेली असावी, कारण हसणे थांबले.

"अरे बापरे," कॅस्पर म्हणाला. "हिला तर दाढी आली."

"सगळ्यांना आली आहे. फूल मोडलंस?"

"मोडलं की. आवाज आला."

"कशाचा? पावाचा?"

"मी मोडून पाहिलं होतं, ओडेट."

हे तो थट्टेने म्हणाला नाही. पण जो रोज थट्टा करतो, त्याचे खरे बोलणे नव्या कपड्यासारखे परके दिसते.

"माझ्या चौकटी खोटं बोलत नाहीत," ओडेटबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. तो थकला होता. "मग कोण बोलतंय? लॉर्ना, तू इतकी वर्षं येतेस. चौकट वाळली असली की त्यातलं कुठलंही फूल वाळलेलं असतं की नाही?"

सुरी पावावर लोणी फासत होती. ती थांबली.

"असतं," लॉर्ना म्हणाली.

मित्रांनो, हा शब्द खरा होता. चांगल्या चौकटीबद्दल तो अगदी खरा होता.

कॅस्परला दुसऱ्या दिवसापासून नेटलच्या वाफ्यात तण काढायला लावले. वाळवणाला हात लावायचा नाही. तो आठवडाही राहिला नाही. जायच्या आदल्या दिवशी तो लॉर्नाला खिडकीखालच्या अंगणात म्हणाला, "रजाई जाड माग. म्हातारी पातळ देईल आणि वर म्हणेल, काम केलं की गरम होतं."

"आत्ताच कशाला जातोस? लसूण लावायचाय ना?"

"लसणाचा वास माझ्या बायकोला आवडायचा नाही."

"तुझी बायको कुठंय?"

"तिला माझाही आवडला नाही," कॅस्पर म्हणाला आणि गाडीत पिशव्या टाकू लागला.

ऑक्टोबरात किल्ली लॉर्नाला मिळाली.

*

हिवाळा. आम्हा बहिणींना तिच्या खोलीत भिंतीशी टेकवून ठेवले होते. मला तिने तोंड भिंतीकडे करून ठेवले. मग माझ्यावर एक चादर टाकली. कौतुकाची वर्षे संपली की वस्तूंची उपेक्षा होते असे म्हणतात. माझी उपेक्षा झाली नाही. मला पाहणे तिला सोसवत नव्हते, एवढेच. मलाही तिचे झोपणे ऐकवत नव्हते. ती सारखी कूस बदलायची.

एका सकाळी आर्मांड मलम न्यायला आलेले झडपेतून ऐकू आले. बोटांच्या पेरांतून रक्त येते आहे, असे ते सांगत होते.

"यंदा नाही," ओडेटबाई म्हणाल्या. "मिनेसोटाच्या त्या वाघानं सगळं नासवलं."

"अख्खं?"

"अख्खं."

लॉर्ना चुलीत लाकूड घालत असल्याचा आवाज येत होता. चूल भरली असावी, तरी ती घालतच राहिली.

*

मे आला. रस्ता वाळला. ओडेटबाईंना पक्कड धरवेना. "यंदा चौकटी तूच ताण," त्या लॉर्नाला म्हणाल्या.

म्हणजे बघा, सगळे मिटण्यासारखे होते. माझ्या कडेच्या पिना काढायच्या, जाळी ओढायची, पुन्हा ठोकायची. दुपारभराचे काम. झोळ गेला असता आणि गेल्या उन्हाळ्यात तो होता हे सांगणारे जगात काहीच उरले नसते. लॉर्नाने मला मांडीवर घेतले. पहिली पीन काढायला पक्कड लावली. खरे सांगते, मलाही तेच हवे होते. ओढ, मी मनात म्हणत होते, अजून ओढ.

तेवढ्यात खाली नवे स्वयंसेवक जेवायला बसले. त्यांतली फर्न नावाची एक बाई कॅनडातून आली होती आणि तिला आठवडाच झाला होता. कुणीतरी जास्त भाजलेला, आतून कच्चा मक्याचा पाव कापला असावा.

"ए, हा बघ," फर्न म्हणाली. "वरून सोनं, आत गिच्च. कॅस्पर झालंय याचं!"

सगळे हसले. ओडेटबाईही हसल्या. त्यांनीच हा शब्द शिकवला होता. फुलाचा गड्डा ओला निघाला की शेतावर आता असेच म्हणत: कॅस्पर झालं. फर्नने त्याला कधी पाहिलेही नव्हते.

लॉर्नाने पक्कड खाली ठेवली.

तिने मला उचलले, आणि इतक्या दिवसांनी मी जिना उतरले. टेबलावर ताटल्या होत्या, सुरी होती, आणि सूपसाठी भिजवायला काढलेल्या पिवळ्या वाटाण्यांचे वाडगे होते. लॉर्नाने ताटल्या बाजूला सारून मला मधोमध आडवे ठेवले.

"अगं, जेवतोय आम्ही," फर्न म्हणाली.

लॉर्नाने मूठभर वाटाणे घेतले आणि माझ्या कडेला सोडले.

सगळे घरंगळत मध्ये गेले. एकूण एक. टकटक आवाज करत ते माझ्या पोटात गोळा झाले आणि सगळ्यांसमोर माझा झोळ दिसला.

ओडेटबाईंनी एक वाटाणा उचलून पुन्हा कडेला ठेवला. तो परत मध्ये गेला.

"कधी?"

"जुलैत. वादळ आलं तेव्हा. माझा पाय."

"म्हणजे कॅस्परनं हिच्यावर फुलं मांडायच्या आधी."

"हो."

"मी तुला या टेबलावर विचारलं होतं."

"हो."

"तू 'असतं' म्हणालीस."

लॉर्नाने गळ्यातला निळा दोरा काढला आणि किल्ली माझ्या कडेवर ठेवली. तीही हळूहळू सरकत वाटाण्यांत जाऊन पडली.

"मी त्याला वाघ म्हणाले," ओडेटबाई म्हणाल्या. "आर्मांडला म्हणाले. अख्ख्या गावाला म्हणाले." मग त्या फर्नकडे वळल्या. "हा शब्द या घरात पुन्हा बोलायचा नाही. मीही नाही."

"त्याचा फोन आहे का कुणाकडे?" फर्नने विचारले.

कुणाकडे नव्हता. मिनेसोटा, एवढेच सगळ्यांना माहीत होते.

"वाटाणे उचल, लॉर्ना," ओडेटबाई शेवटी म्हणाल्या. "भिजवायचेत."

लॉर्नाने एकेक वाटाणा वेचला. किल्ली ओडेटबाईंनी स्वतः उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगली. अजून ती तिथेच आहे. ज्याला वर जायचे तो घेतो. लॉर्ना दोन पिशव्या घेऊन गोठ्यावरच्या माळ्यात झोपायला गेली. अजून ऑक्टोबर आलेला नाही, म्हणून पुढचे मला ठाऊक नाही.

मला अजून कुणी ताणलेले नाही. ओडेटबाई ताणू देत नाहीत. नवा माणूस आला की त्या मला टेबलावर ठेवतात आणि त्याच्या हातात वाटाणा देतात. आता त्या 'कुठलंही एक मोड' म्हणत नाहीत. 'आधी चौकट बघ,' म्हणतात, 'मग फूल, मग माणूस.' माझे पोट सगळे पाहतात. लाज वाटते. पूर्वी याच टेबलावर माझे कौतुक होत असे.

मित्रांनो, तुमच्या हातून एखादी वस्तू बिघडली, तर तिला खालच्या कप्प्यात सरकवू नका. आम्ही वस्तू रागावत नाही. पण आम्हाला बोलताही येत नाही. आमच्या वतीने तुम्ही गप्प बसलात, तर आमचे खोटे तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर जमा होते आणि तो माणूस ते घेऊन निघून जातो.

शेत सोडायच्या सकाळी कॅस्परने व्हिनेगरच्या फडक्याने मला पुसले, खिडकीच्या उजेडात आडवे धरून माझा झोळ पाहिला, शेजारच्या खोलीतल्या पलंगाकडे एकदा पाहिले, आणि मला परत खालच्या कप्प्यात सरकवून दिले.